दर्यावाल्याचं पान

“पितृपक्षात नवा कागद करत नाहीत,” नीरजाताई म्हणाल्या, आणि कलावतीच्या हातातला वडा कढईत पडायचा तो ओट्यावर पडला.

झालं! चार दिवस जिची धास्ती होती ती गोष्ट आलीच समोर. कलावतीने वडा उचलला, पुन्हा थापला आणि तेलात सोडला. तोंड उघडलं असतं तर भांडण झालं असतं, आणि आज भांडून चालणार नव्हतं. आज शनिवार. खाली स्टेशन रोडवर नोटरी वकील दोन वाजेपर्यंतच बसणार होते. सोमवारी ठाण्याच्या कार्यालयात तिच्या सासऱ्यांची, गुणाजी आंबेरकरांची, नागरिकत्वाच्या अर्जाची तारीख होती. आठ महिने वाट बघून आलेली तारीख. इथल्या दोन माणसांनी लिहून द्यायचं होतं, की आम्ही या माणसाला ओळखतो, हा सरळ माणूस आहे, आम्ही याची हमी घेतो. पहिला कागद वरच्या मजल्यावरच्या सुझानाने कधीच करून दिला होता. बोंबील साफ करत बसलेली, तशीच हात धुऊन नोटरीकडे आली होती बिचारी. परकी बाई, पण एका शब्दाने काही विचारलं नाही. दुसरा कागद द्यायचा होता माजिवड्याच्या रवींद्र आंबेरकरांनी. आडनाव एक, गाव एक, कोकणातलं आंबेरी. आणि आज ऐन वेळी त्यांच्या बायकोला पितृपक्ष आठवला होता.

“आपली रीत सांगितली हो मी,” नीरजाताई म्हणाल्या. “तुमच्याकडे तिकडे काय पाळतात मला माहीत नाही.”

“तिकडेही पितृपक्षच असायचा, ताई. पण तारीख आम्ही ठरवली नाही ना. आणि आजच आमचा म्हाल…” कलावतीने जीभ चावली. “म्हाळ.”

नीरजाताईंची भुवई वर गेलीच. ठाण्यातल्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून रिटायर झालेली बाई ती, तिच्या कानातून असलं सुटायचं नाही. कलावती अकरा वर्षं ठाकुर्लीत राहून ळ शिकली होती. पोळी-भाजी केंद्रावर दिवसातून शंभर वेळा ‘पोळी’ म्हणायचं तर न शिकून सांगते कुणाला? पण मन जरा घाबरं झालं, की जीभ कराचीला परत जायची. मग केळ्याचं केलं व्हायचं आणि काळ्या वाटाण्याचा काला वाटाणा. आल्या आल्या एकदा रिक्षावाल्याला ‘शुक्रिया’ म्हणाली होती, तर त्याने आरशातून तिच्याकडे असं बघितलं, की पुढे महिनाभर ती रिक्षात गप्पच बसायची.

“तेच मला कळत नाही,” नीरजाताई हळूच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, हेच वाईट. “मालवणी माणूस, आणि ळ येत नाही? मी यांना कितीदा म्हटलं. आडनावं काय, चार गावांत सारखी असतात. सासूबाईंना तर तोंडावर विचारलं होतं, आपल्यातलं कुणी कराचीला गेलेलं का? त्या म्हणाल्या, नाही, कुणी नाही. आता सांग. प्रतिज्ञापत्रात यांनी काय लिहायचं? विनीतचं सरकारी नोकरीचं व्हेरिफिकेशन चालू आहे. उद्या कुणी विचारलं, हे पाकिस्तानातून आलेले तुमचे कोण, तर माझ्या मुलाने काय उत्तर द्यायचं?”

खरं सांगायचं तर कलावतीला त्या बाईचा राग आला नाही. तिच्याही पोटी शिवानी होती. पोरीसाठी तिने स्वतः काय केलं नव्हतं? घर सोडलं, गल्ली सोडली, आईची खोली सोडली. आईसारखी आई, पोरासाठी घाबरणारच. पण म्हणून वाकायचं? ते कलावतीला जमणारं नव्हतं.

“ताई, सही तुमच्या मनात नसेल तर नका देऊ,” ती म्हणाली. “वडे गरम आहेत, जेवून जा.”

बाहेरच्या खोलीतही तेच चाललं होतं. कलावती ताट घेऊन आली तेव्हा रवींद्रभाऊ खुर्चीच्या कडेवर बसून चष्मा पुसत होते. माणूस मनाने मोठा. सहा वर्षांपूर्वी वागळे इस्टेटमध्ये, कलावतीचा नवरा संदेश लेथवर काम करतो त्या कारखान्यात, हे सुटे भाग घ्यायला आले, गेटवरच्या वहीत ‘आंबेरकर’ वाचलं आणि थेट आत येऊन संदेशचा हात धरला. तेव्हापासून दिवाळीचा डबा चुकला नव्हता. पण बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून एकदा बघितलं, की त्यांचा आवाज अर्धा व्हायचा.

“संदेश, मी काय म्हणतो, सोमवारची तारीख जरा पुढे नाही का घेता येणार? पंधरा दिवसच.”

“पुढे म्हणजे परत आठ महिने, भाऊ,” संदेश म्हणाला. त्याने आज रजा टाकली होती, दाढी केली होती, नवा शर्ट घातला होता. “आणि बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत.”

“हो रे, ते आहेच…”

“ए बाबा, सोड ना,” खिडकीशी बसलेली शिवानी बापावर फणकारली. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती पोरगी, बोलणं पक्कं डोंबिवलीचं. “नाही द्यायची तर नको देऊ देत. माझ्या क्लासमधल्या कुणाच्याही पप्पांना सांगते. फुल भाव खातायत सगळे.”

“शिवानी!” संदेश आणि कलावती एकदमच ओरडले.

गुणाजी मात्र हसले. कोपऱ्यात पाटावर बसलेले होते ते, धुतलेलं धोतर, उघडं अंग, समोर केळीची पानं मांडलेली. “ओरडू नका तिच्यावर,” ते म्हणाले. “पोरगी बरोबर बोलली, फक्त जोरात बोलली. रवींद्र, ऐक बेटा. तू आमच्यासाठी खूप केलंस. सही मागून घ्यायची नसते, ती आतून यावी लागते. मला आंबेरीला जायचंय. अकरा वर्षांत गेलो नाही. का? जिल्ह्याबाहेर जायला दरवेळी परवानगीचा अर्ज करा, दरवेळी कुणीतरी विचारणार, गावात तुमचं कोण? मला तिथे पाहुणा म्हणून नाही जायचं. जाईन तर घरचा म्हणून जाईन, नाही तर इथूनच हात जोडेन. मेहरबानी नको कुणाची.”

रवींद्रभाऊ पुन्हा चष्मा पुसायला लागले. कलावतीला त्या क्षणी आपल्या सासऱ्याचा असा अभिमान वाटला, की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच क्षणी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. अहो, दीड वाजत आला! नोटरी उठून जाईल! दोन शब्द गोड बोलले असते तर काय झिजलं असतं?

या सगळ्यात एकच माणूस मजेत होतं. रवींद्रभाऊंची आई, सगुणाबाई. वय चौऱ्याऐंशी, गुडघे गेलेले, एक कान बंद. आजवर या घरी त्या कधी आल्या नव्हत्या. आज ‘माका पण म्हाळाचा जेवाण होया’ म्हणून हट्टाने रिक्षात बसून आल्या होत्या. कागद, सही, तारीख यातलं त्यांच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं. त्या भिंतीला टेकून वड्यांचा वास घेत बसल्या होत्या.

“पितर थांबलेत,” गुणाजी म्हणाले. “बाकीचं नंतर. शिवानी, माझी वही दे.”

शिवानीने कपाटातून वही आणून दिली. जुनी, कापडी पुठ्ठ्याची. गुणाजींनी ती उजवीकडून उघडली, आणि कलावतीने नीरजाताईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. पानभर उर्दू अक्षरं, उजवीकडून डावीकडे, बारीक आणि देखणी.

“हे… म्हाळाला हे काय वाचणार आहेत?” नीरजाताईंनी नवऱ्याला विचारलं, पण ते सगळ्यांनाच ऐकू गेलं.

“गाऱ्हाणं,” कलावती म्हणाली. “तिकडे भटजी वेळेवर मिळेल याचा भरवसा नव्हता. म्हणून लग्न असो, बारसं असो, म्हाळ असो, आमच्या घरी देवाला गाऱ्हाणंच घालतात. बाबांच्या वडिलांनी लिहून ठेवलंय.”

“पण ही तर उर्दू…”

“अक्षरं उर्दू, ताई. शाळेत तीच शिकवली. मराठी आहे ती.”

नीरजाताईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली. उठायच्या बेतात होत्या, कलावतीला स्पष्ट दिसलं. आता ही बाई उठणार, तिच्यामागे भाऊ उठणार, आणि मग सोमवारही गेला आणि माणसंही गेली. तिने पदर कंबरेला घट्ट खोचला. जातील तर जाऊ देत, पण पान वाढल्यावर जातील. तिने खीर वाढली, भात वाढला, वडे ठेवले, काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढलं. गुणाजींनी हात जोडले, घसा साफ केला, आणि त्यांचा आवाज बदलला. रोज बोलायचे तो हा आवाज नव्हता. हा त्यांच्या आजोबांकडून आलेला होता.

“बा देवा म्हाराजा! आंबेरीच्या रवलनाथा, बारा पाचाच्या मेला…”

“रवळनाथ!”

सगळे दचकले. सगुणाबाई ताठ बसल्या होत्या. बरा कान पुढे केलेला.

“रवळनाथ म्हण रे! देवाचा नाव चुकवतंस?”

गुणाजींनी वहीवरून मान वर केली. रागावले नाहीत. “माफ करा, बाई. या लिपीत ते अक्षरच नाही. आजोबांच्या तोंडात होतं ते, पण वडिलांना कागदावर उतरवता आलं नाही. आम्ही पुढे जे लिहिलंय तेच वाचत आलो.”

हे नीरजाताईंनी ऐकलं. कलावतीने त्यांच्याकडे बघितलं नव्हतं, पण पर्सच्या चेनशी चाललेला चाळा थांबलेला तिला ऐकू आला.

“फुडे म्हण,” सगुणाबाईंनी हुकूम सोडला.

“आज ही आंबेरकरांची लेकरां तुझ्या पायाकडे उबी आसत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगुणाबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. कराचीत ही साथ द्यायला सगळी गल्ली जमायची. ठाकुर्लीत अकरा वर्षं संदेश आणि कलावतीच द्यायचे, तेही शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात. आज पहिल्यांदा कुणीतरी मोकळ्या गळ्याने म्हणालं.

“दर्यापार इलेल्या बालग्याच्या वंशाक सांबाल म्हाराजा!”

“व्हय…” सगुणाबाई थांबल्या. “कोणाच्या?”

“बालग्याच्या. माझे आजोबा.”

“बालगो नाय,” म्हातारी पुटपुटली. “बालगो नाय रे. बाळगो. फुडे… फुडे काय लिवलंहा?”

गुणाजींनी बोट ओळीवर ठेवलं आणि सावकाश वाचलं. “थंय आंबेरीक घर राखून रवलेलो तेचो थोरलो भाव बाबलो. तेच्या चुलीक इस्तव पुरव, तेच्या गोठ्यात गुरां राख, तेच्या पोरांटोरांक सुखी ठेव म्हाराजा!”

कुणीच ‘व्हय’ म्हणालं नाही. रवींद्रभाऊंनी चष्मा काढला. “बाबलो? आई, बाबलो म्हणजे… तुझे आजेसासरे ना?”

सगुणाबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या गुणाजींकडे बघत होत्या. नंतर त्या बोलल्या ते कलावतीला शब्दन् शब्द आठवत राहिलं. बाबल्याचा धाकटा भाऊ बाळगो, पंधरा-सोळा वर्षांचा, गलबतावर चढला आणि परत आला नाही. पावसाळा गेला, दुसरा गेला. मग लोक म्हणाले, दर्यात गेला. बाबल्याच्या बायकोने दर म्हाळाला त्याचं पान वेगळं मांडायला सुरुवात केली, समुद्राच्या बाजूला तोंड करून. तिने ते सुनेला सांगितलं, त्या सुनेने सगुणाबाईंना.

“माका इचारल्यानी, कराचीक कोण गेलो?” सगुणाबाई म्हणाल्या. “मी नाय म्हटलंय. आमका काय ठावक? आमच्यासाठी तो बुडलेलो!”

“दर्यावाल्याचं पान,” नीरजाताई एकदम म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं. त्या उभ्या होत्या, पर्स जमिनीवर पडलेली.

“मी वाढते ते,” त्या म्हणाल्या. “लग्न होऊन आले तेव्हापासून वाढते. सासूबाईंनी सांगितलं, हे दर्यावाल्याचं, याला खीर जास्त. मी कधी विचारलंच नाही कुणाचं. गेल्या मंगळवारीसुद्धा वाढलं.” त्या गुणाजींकडे वळल्या. “काका, मी तुमच्या आजोबांना जेवू घालत होते?”

“आणि आम्ही तुमच्या चुलीसाठी देवाला सांगत होतो, सूनबाई,” गुणाजी म्हणाले. “शंभर वर्षं.”

ते उठले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघ्यांवर हात ठेवत खाली वाकला आणि सगुणाबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. नात्याने वहिनी लागत होती ती त्यांची. म्हातारीने त्यांच्या टकलावरून हात फिरवला आणि म्हणाली, “इलंस रे बाबा, इलंस.” मग मात्र संदेशला आवरेना, तो सरळ गॅलरीत निघून गेला. शिवानी एवढी फणकाऱ्याची पोर, ओढणीने नाक पुसत होती.

कलावती रडली नाही. तिची छाती भरून आली होती, पण रडणं नव्हतं ते. ‘तुमचं इथे कोण?’ हा प्रश्न अकरा वर्षांत किती टेबलांवर ऐकला होता तिने! दरवेळी खाली बघून उत्तर दिलं होतं. आता विचारा म्हणावं.

“पावणेदोन!” ती भानावर येऊन ओरडली. “अहो भाऊ, नोटरी!”

रवींद्रभाऊ ताडकन उठले, खिशातून आधार कार्ड काढलं, चपला शोधायला लागले. दारापर्यंत गेले आणि मागून बायकोचा आवाज आला, शाळेतला, वर्ग गप्प करणारा.

“थांबा. तसेच जाऊ नका.”

कलावतीला वाटलं, झालं! परत पितृपक्ष?

नीरजाताई तिच्याकडे वळल्या. “तुझ्या सासूबाई गेल्या, त्याला किती झालं?”

“दोन वर्षं होतील दिवाळीत.”

“आम्ही आलो होतो. हार ठेवला, चहा प्यायलो आणि निघालो. दुसऱ्या दिवशी घरी पुरणपोळी केली मी.” त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. “भावकीतलं माणूस गेलं आणि आम्ही सुतक पाळलं नाही. दहा दिवसांचं होतं आम्हाला. नाही पाळलं.”

“ताई, तुम्हाला कुठे माहीत होतं…”

“माहीत नव्हतं, ते आज कळलं. उशिरा कळलं तर कळल्याबरोबर डोक्यावरून आंघोळ करायची असते. मग कागदाला हात लावायचा.” त्यांनी हातातलं घड्याळ काढून नवऱ्याकडे दिलं. “तुम्ही वकिलांना फोन करा, म्हणावं अर्धा तास बसा, घरचं काम आहे. माझ्यानंतर तुम्ही. दुसरा कागद असेल तर मीही सही करते. आणि विनीतला मी सांगेन काय उत्तर द्यायचं ते. तो माझ्या हाताखाली शिकलाय. कलावती, बाथरूम कुठे?”

कलावतीने बोट दाखवलं. दार लागलं. तिने कपाट उघडलं, आणि हात आपसूक त्या जांभळ्या साडीवर गेला. कराचीहून चार बॅगांत जे आलं त्यातली ती एक. शिवानीच्या लग्नात नेसायची म्हणून अकरा वर्षं घडी मोडली नव्हती. साडी आणि टॉवेल घेऊन ती बाथरूमच्या दाराशी उभी राहिली. आत तांब्यावर तांब्या पाणी डोक्यावर पडत होतं, बाई थांबायचं नाव घेत नव्हती. इकडे रवींद्रभाऊ शर्टाची बटणं काढत फोनवर वकिलांना सांगत होते, “अहो साहेब, आमच्या काकी वारल्या… नाही नाही, आज नाही… तुम्ही बसा तर खरं, सांगतो.” संदेश त्यांच्यासाठी आपला कोरा लेंगा शोधत होता. सगुणाबाई गुणाजींना रवळनाथाचा ळ घोकून घेत होत्या, आणि गुणाजी शाळकरी पोरासारखे म्हणून दाखवत होते.

जिन्यात पावलं वाजली. सुझानाने उघड्या दारातून डोकं आत घातलं. हातात रिकामी बादली.

“कलावती, काय गं हे! टाकीतलं पाणी गेलं ना सगळं! भरदुपारी कोण एवढी आंघोळ करतंय तुझ्याकडे?”

कलावतीने साडी छातीशी धरली. आवाज मुद्दाम मोठा काढला, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल एवढा.

“माझी जाऊ,” ती म्हणाली. “माझी जाऊ आंघोळ करतेय, सुझाना.”